'ट्रान्झॅक्शन अबॉर्टेड', 'डेडलॉक', 'डेटाबेस इज लॉक्ड'... या एरर नेमकं काय सांगतात? त्या सोडवायच्या कशा?

खात्यातून ५०० रुपये वजा झाल्याचा मेसेज आला, पण दुकानदाराच्या काउंटरवरचा स्पीकर गप्पच आहे. पैसे गेले की नाही, हे तुम्हालाही कळत नाही आणि दुकानदारालाही. असा प्रसंग बहुतेकांनी एकदा तरी अनुभवलेला असतो. कधी दोष नेटवर्कचा असतो, तर कधी पडद्यामागच्या डेटाबेसमध्ये एखादा व्यवहार अर्ध्यावर अडकलेला असतो.

हा अर्धा व्यवहार अर्धाच राहू नये म्हणून डेटाबेसमध्ये 'ट्रान्झॅक्शन' नावाची व्यवस्था असते. ती बिघडली की सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या स्क्रीनवर लाल अक्षरांत काही ठरावीक संदेश येतात. हिंजवडीतल्या कंपनीतला डेव्हलपर असो की शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये गुंतलेला विद्यार्थी, हे संदेश आज ना उद्या समोर येतातच. ते आले की अनेक जण सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करतात. एरर निघून जाते, कारण मात्र तिथंच राहतं. या एरर काय सांगतात आणि त्यांचा माग कसा काढायचा, ते समजून घेऊ.

ट्रान्झॅक्शन म्हणजे नेमकं काय?

कीर्द आणि खतावणी आठवा. दुकानाचा दिवाणजी आधी कीर्दीत नोंद करायचा आणि मग ती खतावणीत संबंधित खात्यावर चढवायचा. एकाच्या नावे पडलेली रक्कम दुसऱ्याच्या जमेला दिसलीच पाहिजे, नाहीतर संध्याकाळी मेळ बसत नाही.

डेटाबेसही साधारण असंच काम करतो. 'अ'च्या खात्यातून ५०० वजा करणं आणि 'ब'च्या खात्यात ५०० जमा करणं या दोन वेगळ्या कमांड आहेत. 'बिगिन' आणि 'कमिट' यांच्या मध्ये त्या ठेवल्या की त्यांचा एक गठ्ठा होतो. एक तर दोन्ही होतात, नाहीतर एकही होत नाही. मध्येच काही बिघडलं तर 'रोलबॅक' होतो, म्हणजे सगळं पूर्वस्थितीला येतं. बदल होण्याआधी त्याची नोंद लॉगमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या कीर्दीत होते. त्यामुळे वीज गेली तरी कोणता व्यवहार पूर्ण झाला होता आणि कोणता अर्धवट होता, हे नंतर ठरवता येतं.

या विचाराला पक्कं रूप देणाऱ्यांमध्ये अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांचं नाव अग्रक्रमानं येतं. १९८१मध्ये त्यांनी ट्रान्झॅक्शनच्या संकल्पनेवर निबंध लिहिला. १९८३मध्ये थिओ हार्डर आणि आंद्रेआस रॉयटर या जर्मन संशोधकांनी तिच्या चार गुणांना 'ॲसिड' हे नाव दिलं. सगळं किंवा काहीच नाही, नियमांशी सुसंगती, एकमेकांपासून अलिप्तता आणि टिकाऊपणा, असे हे चार गुण. ग्रे यांना १९९८चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

एरर आली म्हणजे डेटा गेला का?

बहुतेक वेळा नाही. ट्रान्झॅक्शनची एरर हा अनेकदा पहारेकऱ्याचा आवाज असतो. 'या स्थितीत मी पुढे गेलो तर हिशोब चुकेल, म्हणून थांबलो,' असं डेटाबेस सांगत असतो.

खरी भीती आवाज न करणाऱ्या चुकीची असते. समजा, एका बसची १ जागा शिल्लक आहे. दोन ग्राहकांच्या विनंत्या एकाच क्षणी आल्या. दोन्हींनी आधी शिल्लक वाचली, दोन्हींना १ दिसली. दोन्हींनी आपापल्या कोडमध्ये एकातून एक वजा करून ० लिहिलं. दोघांनाही तिकीट मिळालं आणि एकही एरर आली नाही. याला 'लॉस्ट अपडेट' म्हणतात. पोस्टग्रेसमध्ये सुरुवातीपासून ठरलेली अलिप्ततेची पातळी 'रीड कमिटेड' आहे, मायएसक्यूएलच्या इनोडीबीमध्ये ती 'रिपीटेबल रीड' आहे. या दोन्हींत ही चूक गुपचूप होऊ शकते.

पोस्टग्रेसमध्ये पातळी 'रिपीटेबल रीड' केली, तर दुसऱ्या ग्राहकाचा व्यवहार 'कुड नॉट सीरियलाइझ ॲक्सेस' असं सांगून थांबवला जातो. मायएसक्यूएलमध्ये त्याच नावाची पातळी हे पकडत नाही. नाव एक, वागणं वेगळं. त्यामुळे एका डेटाबेसवर शिकलेला धडा दुसऱ्यावर जसाच्या तसा लावणं धोक्याचं ठरतं.

यावर साधा उपाय म्हणजे शिल्लक कोडमध्ये आणून वजाबाकी करू नये. 'शिल्लक ० पेक्षा जास्त असेल तरच १ कमी कर' अशी एकच अपडेट कमांड द्यावी आणि किती ओळी बदलल्या ते तपासावं. ० ओळी बदलल्या, तर जागा संपली. आधी वाचणं गरजेचंच असेल, तर 'सिलेक्ट फॉर अपडेट' वापरून ती ओळ आधीच अडवून ठेवावी.

'करंट ट्रान्झॅक्शन इज अबॉर्टेड' : ही एरर का येते?

पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या नवख्यांना सर्वाधिक गोंधळात टाकणारी ही एरर. पूर्ण संदेश असतो, 'करंट ट्रान्झॅक्शन इज अबॉर्टेड, कमांड्स इग्नोर्ड अंटिल एंड ऑफ ट्रान्झॅक्शन ब्लॉक'. तिचा कोड २५पी०२.

लोक ज्या कमांडवर ही एरर दिसते, त्या कमांडमध्ये चूक शोधत बसतात. ती कमांड बहुधा निर्दोष असते. त्याच ट्रान्झॅक्शनमधली तिच्या आधीची एखादी कमांड फसलेली असते. एखादा ईमेल दुसऱ्यांदा नोंदवायचा प्रयत्न झाला, कॉलमचं नाव चुकलं, असं काहीही. पोस्टग्रेसचा नियम कडक आहे. गठ्ठ्यातली एक कमांड फसली की पूर्ण गठ्ठा बाद. पुढच्या प्रत्येक कमांडला तो हेच उत्तर देतो.

कोडमध्ये पहिली चूक 'ट्राय-कॅच'मध्ये पकडून गिळून टाकली असेल, तर लॉगमध्ये फक्त नंतरचा संदेश उरतो. पायथॉनच्या जँगोमध्ये 'ॲटॉमिक' ब्लॉकच्या आत चूक पकडली, की पुढच्या क्वेरीला 'ट्रान्झॅक्शन मॅनेजमेंट एरर' येते, तीही याच कारणानं.

उपाय असा : लॉगमध्ये वर वर जात पहिली एरर गाठा. एखादी कमांड फसण्याची शक्यता आधीच माहीत असेल, तर तिच्याआधी 'सेव्हपॉइंट' ठेवा. मग फक्त तिथपर्यंत मागे जाता येतं, बाकीचा व्यवहार वाचतो.

आणखी एक सापळा लक्षात ठेवा. अशा बाद झालेल्या ट्रान्झॅक्शनला 'कमिट' म्हटलं, तर सध्या पोस्टग्रेस नव्यानं एरर देत नाही. तो शांतपणे 'रोलबॅक' असं उत्तर देतो. ते उत्तर वाचलं नाही, तर डेटा जतन झाला असा गैरसमज होतो. पीएसक्यूएलच्या प्रॉम्प्टकडे नजर ठेवली तरी हे कळतं. ट्रान्झॅक्शन चालू असेल तर तिथं तारांकन दिसतं, बाद झालं असेल तर उद्गारचिन्ह.

'लॉक वेट टाइमआउट' : कोणीतरी दार अडवून बसलंय

एखादी ओळ बदलताना डेटाबेस तिला कुलूप लावतो. व्यवहार 'कमिट' किंवा 'रोलबॅक' होईपर्यंत ते निघत नाही. दुसऱ्या कुणाला तीच ओळ बदलायची असेल, तर त्यानं थांबायचं.

मायएसक्यूएलमध्ये हे थांबणं सुरुवातीच्या सेटिंगनुसार ५० सेकंदांचं असतं. त्यानंतर एरर १२०५ येते, 'लॉक वेट टाइमआउट एक्सीडेड'. पोस्टग्रेसमध्ये अशी मुदत मुळात ठरवलेलीच नसते. तुम्ही ती दिली नाही, तर तो कितीही वेळ थांबतो. म्हणून तिथं एरर येत नाही, ॲप नुसतं गोल गोल फिरत राहतं.

१२०५ मधली खरी मेख वेगळीच आहे. ही एरर आली, की मायएसक्यूएल फक्त शेवटची कमांड मागे घेतो, पूर्ण ट्रान्झॅक्शन नाही. म्हणजे 'अ'च्या खात्यातून ५०० वजा करणारी पहिली कमांड अजून जिवंत असते. कोडनं एरर दुर्लक्षून पुढे 'कमिट' केलं, तर वजा झालं, जमा झालंच नाही. ज्या अपघातासाठी ट्रान्झॅक्शनचा शोध लागला, तोच अपघात ट्रान्झॅक्शन वापरूनही घडतो. त्यामुळे ही एरर आली की आधी स्वतःहून पूर्ण 'रोलबॅक' करायचा, मगच पुन्हा प्रयत्न.

अडवणारा कोण, ते कसं शोधायचं? मायएसक्यूएलमध्ये 'शो इंजिन इनोडीबी स्टेटस' ही कमांड चालू ट्रान्झॅक्शनची यादी देते. पोस्टग्रेसमध्ये 'पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी' या दृश्यात प्रत्येक जोडणीची अवस्था दिसते आणि 'पीजी ब्लॉकिंग पिड्स' हे फंक्शन अडवणाऱ्याचा क्रमांक सांगतं. तिथं 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' असं लिहिलेलं दिसलं, तर बहुधा चोर सापडला. म्हणजे कुणीतरी व्यवहार सुरू केला, कुलूप लावलं आणि काहीही न करता बसून राहिलं.

'डेडलॉक' : दोघं एकमेकांची वाट बघतात

अरुंद गल्लीत समोरासमोर दोन गाड्या आल्या आणि दोघांच्याही मागे रांग लागली, की काय होतं? कुणीतरी मागे घेतल्याशिवाय सुटका नाही. डेटाबेसमध्ये नेमकं हेच होतं.

एक व्यवहार 'अ'कडून 'ब'ला पैसे पाठवतोय. त्यानं 'अ'ला कुलूप लावलं, आता त्याला 'ब' हवा. त्याच क्षणी दुसरा व्यवहार 'ब'कडून 'अ'ला पाठवतोय. त्यानं 'ब'ला कुलूप लावलं, त्याला 'अ' हवा. नुसतं थांबून हा पेच कधीच सुटणार नाही. म्हणून डेटाबेस एकाचा बळी देतो.

मायएसक्यूएल हे सहसा लगेच ओळखतो आणि ज्यानं कमी काम केलंय त्या व्यवहाराला मागे घेतो. एरर १२१३. पोस्टग्रेस १ सेकंद वाट पाहून तपासतो. कोड ४०पी०१. इथं आकड्यांचा एक गोंधळ होतो. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये डेडलॉकचा क्रमांक १२०५ आहे आणि मायएसक्यूएलमध्ये १२०५ म्हणजे वाट पाहण्याची मुदत संपणं. नुसता क्रमांक सर्च करून मिळालेलं उत्तर दुसऱ्याच डेटाबेसचं असू शकतं.

बळी दिला जातो, तोही सगळीकडे सारखा नाही. मायएसक्यूएलमध्ये डेडलॉक झाल्यावर पूर्ण ट्रान्झॅक्शन मागे जातं. ओरॅकलमध्ये ओआरए-०००६० आली, तर फक्त ती कमांड मागे जाते. बाकीचं काय करायचं, ते तुमच्या कोडनं ठरवायचं.

कायमचा उपाय शिस्तीचा आहे. सगळ्यांनी कुलपं एकाच क्रमानं लावायची. पैसे कुणाकडूनही कुणाकडे जावोत, लहान खाते क्रमांकाची ओळ आधी अडवायची. मग दुसरा व्यवहार पहिल्याच दाराशी थांबतो आणि पेच तयारच होत नाही. व्यवहार जितका छोटा, तितका धोका कमी. तरीही गर्दीच्या वेळी अधूनमधून डेडलॉक होणं हे काही संकट नाही. तो झाल्यावर व्यवहार पुन्हा सुरू न करणारा कोड, हे संकट आहे.

'डेटाबेस इज लॉक्ड' : मोबाइलमधली एरर

अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींमध्ये एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस असतो. अख्खा डेटाबेस म्हणजे एक फाइल. विद्यार्थ्यांचे प्रोजेक्टही बहुधा यावरच सुरू होतात. यात एका वेळी एकालाच लिहिता येतं. दुसरा लिहायला आला, की त्याला 'डेटाबेस इज लॉक्ड' असं उत्तर मिळतं.

अनेकदा अडवणारा दुसरा कुणी नसून आपणच उघडून ठेवलेलं टूल असतं. 'डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट'मध्ये एखादी ओळ बदलली आणि 'राइट चेंजेस' बटण दाबलं नाही, तर कुलूप त्या खिडकीकडेच राहतं. इकडे ॲप चालवलं की एरर. टूल बंद केलं की ती गायब. मग वाटतं, आपोआपच सुटलं.

२०१०मध्ये ३.७.० या आवृत्तीत आलेली 'वॉल' पद्धत सुरू केली, तर लिहिणं चालू असताना वाचणाऱ्यांना थांबावं लागत नाही. लिहिणारा मात्र तरीही एकच. शिवाय जे ट्रान्झॅक्शन लिहिणार हे आधीच माहीत आहे, ते 'बिगिन इमीजिएट'नं सुरू करावं. आधी वाचायचं आणि मग लिहायला जायचं, या क्रमात वाट पाहण्याची संधी न मिळताच एरर येऊ शकते.

डेटाबेस ठीक, कोडही ठीक. मग दोष टूलचा?

टूलच्या सवयी माहीत नसणं, हे फार मोठं कारण आहे. ठळक चार जागा पाहू.

१) ऑटोकमिट : काही टूल प्रत्येक कमांड आपोआप कमिट करतात, काही करत नाहीत. ओरॅकलच्या एसक्यूएल डेव्हलपरमध्ये हे सुरुवातीला बंद असतं. डीबीव्हरमध्ये ऑटो आणि मॅन्युअल अशा दोन पद्धती आहेत. मॅन्युअलमध्ये अपडेट करून जेवायला गेलात, तर तुमचं जेवण होईपर्यंत ती ओळ बाकीच्यांसाठी बंद.

२) मायग्रेशन : टेबलाची रचना बदलणाऱ्या कमांड पोस्टग्रेसमध्ये बहुतांशी ट्रान्झॅक्शनमध्ये चालतात आणि मागेही घेता येतात. मायएसक्यूएलमध्ये 'ऑल्टर टेबल' म्हटलं, की आधीचं सगळं आपोआप कमिट होतं. म्हणजे पाच पायऱ्यांचं मायग्रेशन तिसऱ्या पायरीवर फसलं, तर पहिल्या दोन तशाच राहतात. उलट पोस्टग्रेसमध्ये 'क्रिएट इंडेक्स कॉनकरंटली' ट्रान्झॅक्शनच्या आत चालतच नाही. ते मायग्रेशन ट्रान्झॅक्शनबाहेर चालवण्याची सूचना टूलला वेगळी द्यावी लागते.

३) स्प्रिंग : जावामध्ये पद्धतीवर 'ट्रान्झॅक्शनल' अशी खूण केली, की काम झालं असं वाटतं. पण मूळ सेटिंगनुसार 'रनटाइम' प्रकारच्या चुकांवरच रोलबॅक होतो. 'चेक्ड' प्रकारची चूक आली, तर व्यवहार कमिट होतो. एकाच क्लासमधल्या एका पद्धतीनं दुसरीला थेट बोलावलं, तर मूळ व्यवस्थेत ती खूण लागूच होत नाही. आतल्या पद्धतीत आलेली चूक बाहेरच्या पद्धतीनं गिळली, तर शेवटी 'रोलबॅक ओन्ली' असं सांगत अनपेक्षित एरर येते.

४) जोडण्यांचा साठा : जावामध्ये लोकप्रिय असलेल्या हिकारी पूलमध्ये सुरुवातीला जास्तीत जास्त १० जोडण्या असतात आणि रिकाम्या जोडणीसाठी ३० सेकंद थांबलं जातं. ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून पेमेंट गेटवेच्या उत्तराची वाट पाहणारे १० ग्राहक आले, की अकरावा ३० सेकंदांनी एरर घेऊन परत जातो. डेटाबेसवर ताण शून्य, तरी ॲप बंद. म्हणून बाहेरच्या सेवेला फोन लावायचा तो ट्रान्झॅक्शनच्या बाहेर.

मोठ्या कंपन्यांनाही हा फटका बसतो का?

बसतो, आणि तोही डेव्हलपरसाठीच टूल बनवणाऱ्यांना.

सेंट्री ही सॉफ्टवेअरमधल्या चुका पकडून कळवणारी सेवा. २० जुलै २०१५ रोजी तीच अमेरिकेतल्या कामाच्या दिवसाचा बराचसा वेळ बंद होती. पोस्टग्रेस प्रत्येक लिहिणाऱ्या ट्रान्झॅक्शनला ३२ बिटांचा क्रमांक देतो. मागे पाहण्यासाठी त्यातले सुमारे २ अब्ज क्रमांक उपयोगी पडतात. जुन्या नोंदींची सफाई वेळेत झाली नाही, तर नवे क्रमांक जुन्यांवर चढून डेटा चुकीचा दिसण्याचा धोका असतो. त्याआधीच पोस्टग्रेस नवं लेखन थांबवतो. सेंट्रीत तेच झालं. इथंही डेटाबेसनं डेटा वाचवण्यासाठी सेवा थांबवली होती.

दुसरं उदाहरण गिटलॅबचं. २०२१मध्ये त्यांच्या इंजिनीअरांनी जवळपास महिनाभर खपून कोडमधली 'सेव्हपॉइंट' काढून टाकली. वर सांगितलेला तोच उपयोगी सेव्हपॉइंट! एखादं लांबलेलं ट्रान्झॅक्शन चालू असताना सेव्हपॉइंट वापरले गेले, की वाचनासाठी ठेवलेले त्यांचे दुय्यम सर्व्हर एकाएकी मंदावत होते. औषध चांगलं, पण मात्रा आणि वेळ पाहूनच घ्यायचं.

दोन्हींत एक गोष्ट समान आहे. या अडचणी छोट्या चाचणीत दिसत नाहीत. त्या दिसतात खऱ्या गर्दीत.

पुन्हा प्रयत्न करा, पण कसा?

डेडलॉक (४०पी०१) आणि सीरियलायझेशन (४०००१) या दोन एररवर उत्तर एकच असतं, व्यवहार पुन्हा चालवा. पण त्याचे नियम आहेत.

पहिला : फसलेली कमांड नाही, पूर्ण ट्रान्झॅक्शन पुन्हा चालवा. आधी वाचलेली शिल्लक आता शिळी झालेली असते.

दुसरा : लगेच धडक मारू नका. प्रत्येक प्रयत्नाआधी थोडं जास्त थांबा आणि त्या थांबण्यात थोडा अनियमितपणा ठेवा. नाहीतर दोन्ही गाड्या एकाच वेळी मागे जातात आणि एकाच वेळी पुन्हा पुढे येतात. प्रयत्नांची संख्याही मर्यादित ठेवा.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा : 'कमिट' पाठवल्यावर उत्तर येण्याआधी नेटवर्क तुटलं तर? व्यवहार झाला असेल किंवा नसेलही. अशा वेळी डोळे झाकून पुन्हा पाठवलं, तर ग्राहकाचे पैसे दोनदा कापले जाऊ शकतात. यासाठी प्रत्येक मागणीला ग्राहकाच्या बाजूनंच एक वेगळा क्रमांक द्यायचा आणि डेटाबेसमध्ये तो 'युनिक' ठेवायचा. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला, तर नवं काम न करता पहिलाच निकाल परत द्यायचा.

एरर आल्यावर कोणत्या क्रमानं शोध घ्यायचा?

- सर्व्हर लगेच रिस्टार्ट करू नका. कुणी कुणाला अडवलंय, हा पुरावा रिस्टार्टनं पुसला जातो.
- शेवटची नाही, पहिली एरर शोधा. ॲपच्या आणि डेटाबेसच्या लॉगमधल्या वेळा जुळवून पाहा.
- एररचा कोड आणि डेटाबेसचं नाव एकत्र वाचा. १२०५चं उदाहरण लक्षात ठेवा.
- चालू ट्रान्झॅक्शनची यादी काढा. सर्वांत जुनं कोणतं, ते कुणाचं आणि ते काही करतंय की नुसतं बसलंय, ते पाहा.
- आपल्याच लॅपटॉपवरचं टूल उघडं आहे का, ते तपासा.
- या एररनं नेमकं काय मागे गेलं, एक कमांड की पूर्ण व्यवहार, हे ठरवा. मगच पुन्हा प्रयत्न करा.
- कुणाचं ट्रान्झॅक्शन बंद करावं लागलं, तर तो काय करत होता हे आधी विचारा. महिन्याच्या पगाराचं काम असू शकतं.
- मुदती ठरवा. मायएसक्यूएलमध्ये टेबलाच्या रचनेसाठी थांबण्याची मूळ मुदत ३,१५,३६,००० सेकंद, म्हणजे तब्बल १ वर्ष आहे! पोस्टग्रेसमध्ये २०१६च्या ९.६ आवृत्तीपासून रिकाम्या बसलेल्या ट्रान्झॅक्शनला आपोआप बाहेर काढण्याची सोय आहे. पण ती मुळात बंद असते.
- शेवटी, दोन विंडो उघडून तीच चूक मुद्दाम घडवून पाहा. जी चूक पुन्हा घडवता येते, तीच खात्रीनं सोडवता येते.

मग दुकानात अडकलेल्या ५०० रुपयांचं काय?

वर सांगितलेलं सगळं एका डेटाबेसच्या आतलं आहे. यूपीआयमध्ये पैसे पाठवणाऱ्याची बँक वेगळी, घेणाऱ्याची वेगळी. दोघांचे डेटाबेस वेगळे आणि मध्ये मुंबईस्थित राष्ट्रीय भुगतान महामंडळाची, अर्थात एनपीसीआयची यंत्रणा. या सर्वांना एकाच 'बिगिन-कमिट'मध्ये बांधलेलं नसतं. म्हणून एकीकडे वजा होऊन दुसरीकडे जमा न होण्याची शक्यता राहते. तसं झालं, तर उलटी नोंद करून पैसे परत दिले जातात. त्यालाच 'रिव्हर्सल' म्हणतात.

त्यासाठीच्या मुदती रिझर्व्ह बँकेनं २० सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकात ठरवून दिल्या. यूपीआयनं एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवलेली रक्कम जमा झाली नाही, तर ती व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवी. दुकानदाराला पैसे दिले आणि त्याला खात्री मिळाली नाही, तर ५ दिवसांत. एटीएममधून रोख आली नाही पण खात्यातून वजा झाली, तरी ५ दिवसांत. त्यापुढे उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकानं तक्रार करण्याची वाट न पाहता.

तेव्हा अशा प्रसंगी लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवण्याआधी ॲपमध्ये व्यवहाराची स्थिती पाहा. 'पेंडिंग' असेल, तर व्यवहार क्रमांक जपून ठेवा आणि त्याच व्यवहारावर ॲपमधून तक्रार नोंदवा. पैसे शोधताना बँकेचा इंजिनीअर पहिल्यांदा तोच क्रमांक विचारणार आहे.